तारखेचे माप

अवजड यंत्रे घडवणाऱ्या कारखान्यांत अलीकडे एक पद रूढ झाले आहे, त्याला प्रोजेक्ट डिलिव्हरी इंजिनियर असे म्हणतात. आणि हे पद भूषविणारा गृहस्थ दिवसभर नेमके काय करतो, हे त्याच्या घरच्या माणसांनाही सहसा सांगता येत नाही. यंत्राचे आरेखन करणारा निराळा, माल खरेदी करणारा निराळा, जोडणारा, तपासणारा, ट्रेलरवर चढवणारा आणि अखेरीस जागेवर उभा करणारा, हे सगळे निराळे. या सर्वांच्या मधोमध उरलेल्या मोकळ्या जागेत ज्याची बैठक असते, आणि ठरल्या मुदतीत ठरलेली वस्तू ठरल्या ठिकाणी चालू झाली नाही म्हणजे ज्याच्या नावे खुलाशाचे पत्र निघते, तो हा इसम.

माझी सारी हयात अशाच एका कंपनीच्या करारखात्यात मसुदे लिहिण्यात आणि खोडण्यात गेली असल्यामुळे या इसमाविषयी मला कुतूहल होते. ते बऱ्याच अंशी भागले ते माझ्या एका स्नेह्यामुळे. हे स्नेही चिंचवडकडच्या एका कारखान्यात फॅब्रिकेशन शॉपचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. त्यांचा भाचा साखर कारखान्यांना बॉयलर पुरवणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीत वर सांगितलेल्या पदावर आहे. ज्येष्ठातल्या एका रविवारी या दोघांची जी खडाजंगी माझ्यासमक्ष झाली, तिचा सारांश येथे देतो. वाक्ये मी थोडी नीटनेटकी केली आहेत. मामांची काही विशेषणे मात्र छापण्याजोगी नसल्यामुळे गाळावी लागली.

मामा : तू इंजिनियर आहेस हे मी जाणतो, कारण तुझ्या फीचे दोन हप्ते मीच भरले. पण तू बनवतोस काय, हे मला अद्याप समजलेले नाही. रेघ तू ओढत नाहीस, ठिणगी तू पाडत नाहीस. सकाळी शॉपमध्ये येऊन "ड्रम केव्हा निघणार" म्हणून विचारतोस, दुपारी भोसरीच्या व्हेंडरला फोन लावून तेच विचारतोस, आणि संध्याकाळी दोघांची उत्तरे तक्त्यात भरून वर धाडतोस. आमच्या वेळी तगाद्याचे हे काम कारकून करीत, आणि त्यांना पदवी लागत नसे.

भाचा : तगादा करणाऱ्या कारकुनाला येणे किती आहे हे अगोदर ठाऊक असते, मामा. मला ते रोज नव्याने शोधून काढावे लागते. ड्रमविषयी विचारले की फोरमन सांगतो, "पंधरा दिवसांत देतो." तो खोटे बोलत नाही, त्याच्या हातातले काम पंधरा दिवसांचेच असते. पण त्या ड्रमवर बसवायच्या नोझलचे फोर्जिंग अजून आलेले नसते. ते आले नाही, कारण ऑर्डरच उशिरा गेली. ऑर्डर उशिरा गेली, कारण ड्रॉइंग साखर कारखान्याच्या कन्सल्टंटकडे मंजुरीवाचून पडून होते. आणि ते पडून राहिले, कारण त्याने विचारलेल्या दोन शंकांचे उत्तर आमच्याच डिझाइन खात्याने दिले नव्हते. फोरमनला यातले काही माहीत नसते, डिझाइनवाल्याला फोर्जिंगचे सुखदुःख नसते, आणि साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांना फक्त दसरा दिसत असतो. ही साखळी शेवटच्या कडीपर्यंत उलगडून, आज कोणती कडी ओढली असता दसरा गाठता येईल हे सांगणे, हे माझे काम.

मामा : साखळी तू उलगड, माझी हरकत नाही. माझी हरकत तू ती ओढतोस त्याला आहे. पोलादाला तुझी तारीख कळत नाही. जाड प्लेटचा ड्रम वेल्ड झाला की त्याच्या अंगात ताण राहतो. तो काढायला अख्खा ड्रम भट्टीत घालून सहाशे अंशांच्या आसपास न्यावा लागतो, जाडीच्या दर २५ मिलिमीटरना साधारण तासभर या हिशेबाने तिथेच धरावा लागतो, आणि मग भट्टीतच हळूहळू उतरू द्यावा लागतो. चढवताना घाई केलीस तर बाहेरचा थर तापतो नि आतला मागे राहतो. उतरवताना घाई केलीस तर जो ताण काढायला गेलास तोच पुन्हा भरतोस. काही जातींच्या पोलादात तर वेल्ड झाल्यावर दोन दिवसांनी तडा उमटतो. आज तपासलेस तर सांधा निर्दोष, परवा तपासलेस तर त्यात केसाएवढी भेग. हे दोन दिवस तुझ्या तक्त्यात "काम नाही" म्हणून रिकामे दिसतात, आणि रिकामे दिसले की तुम्हा लोकांचे हात शिवशिवतात.

हे बोलताना मामांचा हात हवेत ड्रमच्या गोलाईवरून फिरत होता, हे नमूद केले पाहिजे. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी ज्या वस्तूविषयी ते बोलत होते ती त्यांच्या पंजाखालून गेलेली नव्हती.

भाचा : ते दोन दिवस मी कधी कापले नाहीत, आणि भट्टीचे तासही नाहीत. ते माझ्या उपयोगाचेच नाहीत. तुमच्या शॉपमध्ये ड्रम जितके दिवस असतो, त्यांपैकी त्याच्यावर प्रत्यक्ष काम चालते असे दिवस थोडे, आणि कशाची ना कशाची वाट पाहत तो आडवा पडून असतो असे दिवस पुष्कळ. मला कापायचे असतात ते हे दुसरे दिवस. एक उदाहरण सांगतो. आमच्याकडे शनिवारच्या रात्रपाळीत मॅनहोलची रिंग कापली. प्लेट उत्तम, माप बरोबर. पण पोलाद गिरणीने प्लेटवर ठोकलेला हीट नंबर ज्या कोपऱ्यात होता, तो कोपरा भंगारात गेला. कापण्याआधी तो नंबर निरीक्षकादेखत प्रत्येक तुकड्यावर पंचाने उतरवून घ्यायचा असतो, तो घेतलेला नव्हता. सोमवारी निरीक्षक आले, रिंग उलटीसुलटी करून पाहिली आणि खडूने तिच्यावर फुली मारली. रिंग तीच, पोलाद तेच. पण ते कोणत्या भट्टीतले, कोणत्या दाखल्याखालचे, हे सांगणारे चार आकडे अंगावर नाहीत, म्हणून बॉयलरपुरती ती मातीमोल. तेवढ्या जाडीची दाखलेवाली प्लेट गोदामात नव्हती. काम होते दहा मिनिटांचे, आणि मुदत गेली कैक आठवड्यांची.

मामा : चूक शॉपची, कबूल. पंचाचे काम चुकवणाऱ्याला मी दुसऱ्या दिवशी फाटकाच्या आत घेतला नसता. पण शनिवारी रात्री, निरीक्षक हजर नसताना, रिंग कापायला लावली कोणी? ते सांग.

भाचा क्षणभर थांबला.

भाचा : माझ्या तक्त्यात ती रिंग रविवारपर्यंत कापून व्हायची होती.

मामा : हेच ते. निरीक्षकाची फुली तुला अडथळा वाटते. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे मेली, तेव्हा पुढच्या वर्षी बंगालमध्ये तपासणीचा पहिला कायदा आला. १९२३ साली साऱ्या देशासाठी एकच कायदा झाला. आता २०२५ मध्ये नवा आला आहे म्हणतात. कायदा कितीदाही बदलो, खडू तोच. कामाच्या दाबाच्या दीडपट पाण्याचा दाब देऊन ड्रम उभा ठेवतात, तेव्हा बॅटरी घेऊन सांध्यासांध्यावरून नजर फिरवणाऱ्या माणसाला घाई असता कामा नये. वाफेच्या एका ड्रमच्या पोटात किती शक्ती कोंडलेली असते, हे तुझ्या तक्त्याच्या कोणत्या रकान्यात लिहितोस?

इथे भाच्याने आपल्या बाजूचे जे मुख्य म्हणणे मांडले, ते मला विचारार्ह वाटले, म्हणून जरा विस्ताराने देतो.

भाचा : मामा, ड्रॉइंगवर तुम्ही भिंतीची जाडी लिहिता, आतला व्यास लिहिता, लांबी लिहिता. यांतले एक माप चुकले तर तो ड्रम त्या बॉयलरचा राहत नाही. माझे म्हणणे एवढेच की तारीख हेही त्याच ड्रॉइंगवरचे एक माप आहे. पिठाच्या गिरणीचे यंत्र महिनाभर उशिरा आले तर गिरणीवाला महिनाभर कमी कमावतो, यंत्र तेच राहते. साखर कारखान्याचे तसे नाही. ऊस तोडल्यापासून चोवीस तासांत गव्हाणीत पडला पाहिजे. पुढे प्रत्येक प्रहराला उतारा घटतो. आणि तोडला नाही तरी तो थांबत नाही. उभ्या उसाला तुरा फुटतो, आतून पोकळ होत जातो. दसऱ्याला अग्निप्रदीपन होऊन दिवाळीच्या आसपास पहिली मोळी पडणारा बॉयलर आणि संक्रांतीला वाफ देणारा बॉयलर, या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, जरी त्यांच्या अंगावरचे हीट नंबर तेच असले तरी. गेल्या हंगामात मी साइटवर गेलो तेव्हा चिमणी अर्धी उभी होती, इकॉनॉमायझरच्या कॉइल जमिनीवर होत्या, आणि कंपाउंडपलीकडच्या माळावर ऊसतोडीच्या टोळ्या उतरून त्यांच्या कोप्या बांधून झाल्या होत्या. बीडकडची माणसे, नवराबायकोचा एकेक कोयता, पावसाळ्यातच घेतलेली उचल अंगावर, आणि ती फिटते तोडलेल्या टनांवर. बॉयलर पेटेपर्यंत तोड नाही, तोड नाही तोवर फेड नाही, आणि खाणे मात्र रोजचे. एका पोराने मला विचारले, "सायेब, धुराडं कवा चालू व्हणार?" त्याला मी भट्टीचे तास सांगणार होतो काय?

मामा काही बोलले नाहीत. मीच मध्ये तोंड घातले, कारण इथे माझ्या दप्तराचा संबंध येत होता. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचे ५५ वे कलम याच प्रश्नाविषयी आहे. मुदत हे कराराचे मर्म आहे असा उभयपक्षांचा इरादा असेल, तर मुदत टळताच दुसऱ्या पक्षाला करार रद्द करता येतो. तसा इरादा नसेल, तर फक्त नुकसानभरपाई मागता येते. कारखान्याचे संचालक मंडळ करारात मुदत हेच मर्म असल्याचे मोठ्या डौलाने लिहून घेते, आणि लगेच पुढच्या परिच्छेदात उशिराच्या दर आठवड्याला अर्धा टक्का, कमाल पाच टक्के, असा दंडही लिहून घेते. बहुतेक करारनाम्यांत हे आकडे थोड्याफार फरकाने असेच असतात. म्हणजे मर्माला भाव ठरला. आणि ७४ व्या कलमाप्रमाणे लिहिलेला आकडा ही केवळ वरची मर्यादा. मिळते ती वाजवी भरपाई, आणि तीही कारखान्याला. कोपीतल्या माणसाचे नाव त्या करारनाम्यात कुठेच नसते.

मामा : वकिली पुरे. हा पोरगा जे सांगतोय ते मला मान्य आहे. उसाला मुदत आहे, माणसांना पोट आहे. पण मग मला सांग, तुझी कंपनी उसाची तारीख पाळते की दुसरी कुठली? मार्चअखेरीस तुमच्या फाटकातून निघणारे ट्रेलर एकदा मोज. जानेवारी-फेब्रुवारीत शांतता, आणि २५ तारखेपासून रात्रंदिवस क्रेन चालू. काय निघते? चिमणीचे गाळे, स्ट्रक्चरचे खांब, डक्टच्या प्लेटा. जे जे वजनदार, ते ते. कारण बिल टनावर निघते आणि वर्षाची उलाढाल ३१ मार्चला मोजली जाते. आणि फाउंडेशन बोल्ट, ज्यांच्यावाचून पाया भरता येत नाही, ते शॉपच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली. कारण त्यांचे वजन ते काय! मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. खांब पोचले, पाया नाही. इरेक्शनचा ठेकेदार चाळीस माणसे घेऊन झाडाखाली बसला. जूनमध्ये पाऊस आला. वेल्डिंगसाठी तासून ठेवलेल्या कडांना गंज चढला, त्या पुन्हा घासाव्या लागल्या. ट्यूबांच्या तोंडची टोपणे पोरांनी खेळायला नेली, आत चिखल गेला. कागदावर मात्र "साठ टक्के माल रवाना". याला तू डिलिव्हरी म्हणतोस?

या वाराला उत्तर नाही असे मला वाटले, आणि भाच्याने ते देण्याचा आवही आणला नाही, याचे मला समाधान वाटले. त्याने कबूल केले की त्याच्या टेबलावर दोन पंचांगे असतात, एक तिजोरीचे आणि एक उसाचे. पहिल्याची वर्षअखेर फाल्गुन-चैत्रात, दुसऱ्याचा पाडवा आश्विनात. आणि त्याचा पगार पहिल्यातून निघतो. बोल्ट आधी पाठवा असे त्याने बैठकीत सांगितले होते. कोणी नाही म्हणाले नाही. फक्त त्या आठवड्यातला ट्रेलर खांबांना मिळाला.

मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, हा टनाचा हिशेब करारात घालतो कोण?" प्रश्न रास्त होता. टन करारात येतो, कारण टनाविषयी भांडण होत नाही. काट्याची पावती जोडली की देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे दोघांचेही लेखापाल गप्प बसतात. "पाया भरण्यास आवश्यक तो सर्व माल" असे लिहिले, तर आवश्यक कोणते यावर सहा महिने पत्रव्यवहार चालेल. पण वाद टाळण्यासाठी निवडलेले हे सोयीचे परिमाण पुढे लोखंडाच्या प्रवासाचा क्रम ठरवते, हेही तितकेच खरे. आणि पैशाचे हप्ते वजनाऐवजी उभारणीच्या टप्प्यांना, म्हणजे पाया, ड्रम चढवणे, पाण्याची चाचणी यांना बांधले, तर निम्मी विकृती आपोआप सरळ होईल, असे माझे स्पष्ट मत आहे. पुरवठादार कंपन्या याला नाखूष असतात, कारण पाया वेळेवर भरणे हे त्यांच्या हातात नसते आणि पैसे मात्र अडकतात. त्यांचेही चुकत नाही.

मामा : तारीख हे माप आहे म्हणालास ना? मग माप कसे लिहितात ते मी तुला सांगतो. शाफ्टचा व्यास मी नुसता दोनशे मिलिमीटर कधी लिहिला नाही. अधिक किती चालेल, उणे किती चालेल, हे पुढे लिहिल्याशिवाय टर्नर लेथला हात लावणार नाही, आणि लावू नये. तुझ्या तक्त्यात आहे का अधिक-उणे? "ड्रम रवाना : १५ जुलै." बस्स. हे माप नव्हे, नवस आहे.

भाचा हसला, पण बाजू सावरायला त्याने जे सांगितले ते मामांच्याच पथ्यावर पडले. अमेरिकेत १९५७ च्या सुमारास ड्यू पाँट कंपनीने आपल्या रासायनिक कारखान्यांच्या उभारणीसाठी कामांची जाळी आखून त्यांतली सर्वांत लांब साखळी शोधण्याची रीत बसवली. पुढच्याच वर्षी त्यांच्या आरमाराने पोलारिस क्षेपणास्त्राच्या योजनेसाठी तशीच दुसरी रीत काढली. या दुसऱ्या रीतीत प्रत्येक कामाला एक मुदत न लिहिता तीन लिहायच्या असत : सगळे सुरळीत झाले तर किती, बहुधा किती, आणि सगळे बिघडले तर किती. म्हणजे मामा ज्याला अधिक-उणे म्हणत होते ते जन्मतःच त्यात होते. पुढे ही रीत संगणकात बसून जगभर पसरली, आणि पसरता पसरता तीन रकान्यांचा एक झाला.

मामा : का झाला?

भाचा : तीन आकडे वर नेले की वरचे साहेब विचारतात, "यातला खरा कोणता?" मग आपण मधला सांगतो. तो क्लायंटच्या बैठकीत जाताना जरा अलीकडे सरकतो. चेअरमनसाहेब सभासदांच्या सभेत सांगतात तेव्हा तो दसरा होतो. आणि एकदा सभेत दसरा म्हटला की तो आकडा माझा राहत नाही, मलाच तो वरून कळवला जातो.

मामा : आणि तू तो तक्त्यात लिहितोस.

भाचा : लिहितो.

या एका शब्दानंतर मामांचा सूर पालटला. या कामात इंजिनियरपण असलेच तर ते इथे आहे, असे मला त्या वेळी वाटले : फोरमन, व्हेंडर, कन्सल्टंट, साहेब, चेअरमन, असे सारे जण आपापल्या परीने सोयीची तारीख ज्याच्या हवाली करतात, त्याने त्या सर्वांच्या बेरजेतून गैरसोयीची पण खरी तारीख काढायची आणि ती लवकर बोलायची. वेल्डरचा सांधा रेडिओग्राफीच्या फिल्मवर दुसऱ्या दिवशी दिसतो. याचा सांधा दिसायला दसरा उजाडावा लागतो.

मामांनी चालू बॉयलरचा तक्ता मागितला. भाच्याने लॅपटॉप उघडला; मामांना पडद्यावर वाचायची सवय नाही, तेव्हा मीच एकेक ओळ वाचून दाखवली आणि मामांनी पाठकोऱ्या कागदावर तिसरा रकाना, सगळे बिघडले तर किती याचा, पेन्सिलीने भरायला घेतला. "रेडिओग्राफी चार दिवस? दुरुस्ती धरली नाहीस. दुरुस्तीनंतर पुन्हा फिल्म, तीही धरली नाहीस. सात कर." "ड्रम ट्रेलरवर चढला म्हणजे पोचला असे लिहिले आहेस. जास्त रुंदीच्या मालाचे परवाने कोण आणणार, आणि साइटचा कच्चा रस्ता जुलैत ट्रेलर झेलणार आहे का?" "भट्टी सुकवायला तीन दिवस कमी आहेत. विटांतले पाणी हळूहळू काढले नाही तर अस्तर फुटते." बोल्टांची ओळ आली तेव्हा त्यांनी आकडा लिहिला नाही, "उद्या" असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

बेरीज केली तेव्हा वाफेची तारीख दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी आली.

भाचा : ही तारीख मी वर दिली तर मला मीटिंगमध्ये उभे करतील, मामा. आणि सगळेच काही बिघडणार नाही.

मामा : नाही बिघडणार. म्हणून मधलाही आकडा दे, आणि हाही दे. पण हा आत्ता दे. टोळ्यांच्या उचलीचे वाटप अजून पुरते झालेले नाही ना? आज कळवलेस तर कारखाना मुकादमांना सांगून निम्म्या टोळ्या उशिरा उतरवू शकेल, नाहीतर त्यांची तोड शेजारच्या कारखान्याला लावून देईल. आश्विनात कळवलेस तर ती माणसे माळावर येऊन बसलेली असतील.

भाचा : आणि चेअरमनसाहेब म्हणाले की दुसऱ्या कंपनीला विचारू, तर?

मामा : तर त्यांना विचारू दे. त्या कंपनीच्या शॉपमध्येही भट्टी सहाशे अंशांवरच चालते.

भाच्याने कागद घडी करून खिशात ठेवला. सोमवारच्या बैठकीत तो दाखवायचा की आधी साहेबांना एकट्याला गाठून सांगायचे, यावर दोघांचे पुन्हा जुंपले. मामांचे मत बैठकीत, सर्वांदेखत, असे होते, आणि माझे मत आधी लेखी, पोच घेऊन, असे होते.